बिनकव्हराच्या पुस्तकाचा शेवट

१

बुधवारी सकाळी धनराज सर लटारूच्या बांधावर मरून पडलेले सापडले, आणि दुपारच्या जेवणाआधी अख्ख्या वाकडमोह्याला गुन्हेगार ठाऊक झाला होता. पायाला काळा डाग, बाजूला उघडी तार. पोलीस आले, लटारूला गाडीत घातलं आणि गेले. झालं!

तार लटारूचीच, यात वाद नाही. धान कापून बांधीत, शेताच्या वाफ्यात, वाळत पडलं की रानडुकरं एका रात्रीत वर्षाची मेहनत उकरून ठेवतात. म्हणून बांधाच्या कडेनं खुंट्या ठोकायच्या, उघडी तार ओढायची आणि वरून जाणाऱ्या विजेच्या लाइनीवर बांबूनं आकडा टाकायचा. बेकायदेशीर आहे आणि निम्म्या शिवारात आहे. या तारांवरून मी सरपंचापासून सगळ्यांशी भांडले आहे, पण रिटायर्ड मास्तरणीचं ऐकतो कोण?

लटारूचा मात्र एक नेम होता. शेवटच्या बसची माणसं बांधावरून घरी गेली की तो डबा बडवायचा आणि ओरडायचा, "तार चालू हाऽय गाऽ!" मगच आकडा. त्या मंगळवारी दिवस बुडताना तो घाईत होता. शेजारच्या गावी मंडईची जत्रा होती, पोरीला घेऊन तिथं मुक्कामी जायचं होतं. तो म्हणत होता, आकडा लावलाच नाही. पोलीस म्हणत होते, घाईत लावला आणि डबा वाजवायचं विसरला.

लटारूची पोरगी रीता माझ्या दारात येऊन रडली. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत. मी माझ्या भाचीला, संघप्रियाला फोन लावला. ती गडचिरोलीच्या कोर्टात वकील आहे.

"बाप माझ्यासंगंच होता, मॅडम," रीता तिला सांगत होती. "पण बांधाकडून आला तो एकटाच. आता लोक मलेच इचारतात, तू पाह्यलं का? मी कुठून पाहू?"

संघप्रिया ठाण्यात लटारूला भेटून आली ती तोंड पाडूनच. चप्पल काढून सपरीत, पुढच्या ओसरीवर, बसली आणि पाणीसुद्धा मागितलं नाही.

"मावशी, पहिल्या दिवशी तो म्हणे, नाई लावला. आज काय म्हणते माहीत आहे? 'लावला असंन म्या, याद नाई राह्यली.' सगळे एकच गोष्ट सांगून राह्यले, तर त्यालेच खरी वाटू लागली. सोमवारी कोठडी संपली की पुन्हा कोर्टात उभा करतील. तिथं जर हे बोलला, तर गेला तो."

२

धनराज सर एकटे राहायचे. तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि शेवटच्या बसनं परत यायचे. बसथांब्यावरून बांधानं चालत गेलं की आधी लटारूचं शेत, त्याला लागून नूतनचं शेत, आणि पुढं जंगलाच्या कडेला सरांचं घर. त्यांचं घर बंद करायला पोलीस पाटलांनी मला बोलावलं, कारण सरांचं गावात जाणं-येणं फक्त माझ्याकडं होतं, आमच्या बैठकीला.

बैठक म्हणजे दर रविवारी दुपारी माझ्या सपरीत भरणारं पुस्तकांचं भांडण. श्रावण सर म्हणजे जुने हेडमास्तर. त्यांना ऐतिहासिक कादंबरीशिवाय काही पचत नाही. निकेशचं विजेच्या सामानाचं दुकान, त्याला भुताखेताच्या आणि परग्रहाच्या गोष्टी हव्यात. उपकेंद्रातली नर्स नूतन काहीही वाचते, औषधाच्या खोक्यावरचा कागदसुद्धा. धनराज सर रहस्यकथावाले. आणि मी सगळ्यांना गप्प करणारी.

एका पुस्तकाला दोन रविवार. पहिल्या रविवारी एकानं गोष्ट सांगायची, पण शेवटाच्या अलीकडं थांबायचं. मग पुस्तकाची चिरफाड. काळ जमला का, माणसं खरी वाटतात का, लेखकानं कुठं फसवलं. दुसऱ्या रविवारी प्रत्येकानं शेवटाचा अंदाज सांगायचा आणि मग शेवट. यात एक नियम माझा. पहिल्याच वर्षी श्रावण सरांनी आधी वाचलेल्या पुस्तकाचा शेवट भसकन सांगून टाकला होता. मी संतापून त्यांचा कप पालथा घातला होता. "वाचलं असंल तर चहा बी नाई आन अंदाज बी नाई!" तेव्हापासून ज्यानं पुस्तक वाचलेलं असेल त्यानं गुपचूप आपला कप पालथा ठेवायचा. त्याला चहा सगळ्यांच्या शेवटी. इतकी वर्षं झाली, एकानंही लबाडी केलेली नाही. गावात एकमेकांच्या शेताचे धुरे सरकवणारी माणसं आम्ही, पण त्या कपाशी खोटं बोललो नाही.

गेल्या रविवारी पाळी धनराज सरांची होती. नागपूरला रद्दीच्या ढिगात त्यांना एक रहस्यकथा सापडली होती. कव्हर नाही, पहिलं पान नाही, लेखकाचं नाव वाळवीनं खाल्लेलं. असं पुस्तक दुसऱ्या कुणाकडं असायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्या दिवशी चौघांचेही कप सरळ होते. सर सांगायला बसले. इंग्रजाच्या काळातला, बैलगाडीच्या डाकेचा जमाना. कोकणातला डाकबंगला, आणि तळ्याकाठी मरून पडलेला राखणदार.

काय सांगायचे हो ते! चहा निवून जायचा.

"त्याच्या हातात बॅटरी होती," सर म्हणाले, "बॅटरीची कडी तुटलेली. म्हणून तिला लाल रिबीन बांधली होती, मनगटात अडकवाले. लेकीच्या वेणीची रिबीन. माणूस मेला होता, आणि बॅटरी सुरूच होती."

निकेश हळूच म्हणाला, "बाप्पा!"

श्रावण सर मात्र उखडले. "बैलगाडीच्या काळात बॅटरी? तुमच्या या लेखकाले काळाचं काही भान?"

"पुस्तकात हाय, सर. मी काय पदरचं घालून राह्यलो?" धनराज सर तोडून बोलले.

बैठक मोडताना निकेशनं पुस्तक मागितलं, नूतननंही मागितलं. सर म्हणाले, पुढच्या रविवारनंतर. मीही मनातल्या मनात शेवटाचे आडाखे बांधत होते.

म्हणून त्यांचं घर बंद करताना मी आधी ते पुस्तक शोधलं. हसा हवं तर. कपाटात लॅपटॉप होता, घड्याळ होतं, अंगठी होती. त्यांची कॉलेजची पिशवी प्रेताजवळ सापडली होती, तिच्यात नुसता डबा आणि छत्री. खाटेखाली, शेल्फवर, अगदी धान साठवायच्या ढोलीमागंही मी हात घालून पाहिला. पुस्तक कुठंच नव्हतं.

संघप्रियाला सांगितलं तेव्हा ती थांबलीच. "म्हणजे घरातलं सोनं सोडून कोणीतरी वाळवीनं खाल्लेलं पुस्तक नेलं? मावशी, असं पुस्तक चोरणारं माणूस या गावात तुझ्या सपरीबाहेर कुठी भेटंल?"

३

निकेश दुकानात वायरचं बंडल सोडवत होता. संघप्रियाला पाहून म्हणाला, "या, वकील मॅडम. गावात आकडा कसा टाकतात ते सगळ्यात चांगलं मले येते, म्हणून मीच पह्यला. हो ना?"

"तुमचं आणि सरांचं वाकडं होतं म्हणे."

"वाकडं?" त्यानं बंडल खाली आपटलं. "म्या लिहिलेली भुताची गोष्ट वाचली बैठकीत. सर म्हणाले, याच्यापेक्षा विजेचं बिल पाहून जास्त भेव वाटते. सगळे हासले. ही अंजनाबाई बी हासली."

मी हसले होते. गोष्ट वाईटच होती.

"पण मॅडम, राग आला म्हणून म्या माणूस मारू? मी तर त्यायची वाट पाहत होतो. त्या राखणदाराले कोणं मारलं ते सांगतल्याबिगर गेला न तो माणूस! रात्रभर डोक्यात बॅटरी अन् रिबीन. मंगळवारी मी सिंदेवाहीले माल आणाले गेलो होतो, इचारा दुकानदाराले."

विचारलं. खरं होतं. शेवटच्या बसच्या वेळी तो सिंदेवाहीच्या दुकानातच बसला होता.

श्रावण सर अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मांडीवर जाड ऐतिहासिक कादंबरी, डोळ्यांना भिंग. मंगळवारी संध्याकाळी ते घरीच होते, सुनेनं गुडघ्याला लेप लावून दिला होता. दोन पावलं चालायची पंचाईत, ते बांबू कुठून उचलतात!

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," ते म्हणाले आणि लगेच बोलू लागले. "पण धनराजले सांगण्याचा भारी सोस. मीठमसाला लावल्याबिगर गोष्ट जायचीच नाई. ती बॅटरी पुस्तकात असणं शक्य नाई. त्या काळचा लेखक कंदीलच लिहीन."

"मग ती आली कुठून?" संघप्रियानं विचारलं.

"त्याच्या डोक्यातून! आणखी कुठून?" सरांनी भिंग पुसलं. "बाकी माणूस सुधारला होता. आधी त्याच्या शेतालेबी अशीच तार असायची. आठ-नऊ वर्षांपूर्वी अचानक काढून टाकली. मग दुसऱ्यायले भाषणं. लटारूच्या मागं तर हात धुऊन लागला होता, तार काढ म्हणून. अन् त्याच तारेवर मेला पहा."

वाटेत संघप्रिया एकदम म्हणाली, "मावशी, माणूस गोष्टीत पदरचं कवा घालते?"

"गोष्ट फिकी वाटली की."

"किंवा एखादी गोष्ट पोटात राहत नसंल तवा," ती म्हणाली.

४

नूतनकडं जायला माझा पाय निघत नव्हता. ती माझी सखी. वयानं लेकीएवढी, पण सखीच. तिचा नवरा गुलाब असाच थंडीच्या दिवसांत धानाच्या राखणीला गेला आणि आला नाही. तिसऱ्या दिवशी जंगलात सापडला, अर्धा खाल्लेला. वाघानं नेला, असंच सगळे म्हणाले. इथं वाघ माणसं नेतो, त्यात कुणाला शंका येणार? गाव दोन दिवस जंगल पिंजत होतं. चप्पल मिळाली, गमछा मिळाला, नुसती बॅटरी तेवढी मिळाली नाही. नूतन तेव्हा रडली नव्हती. माझ्या कपाटातली पुस्तकं एकामागून एक नेऊन वाचत सुटली होती. तिची पोरगी दिव्यानी माझ्याच सपरीत अभ्यास करून मोठी झाली. आता चंद्रपूरला शिकते.

नूतननं चहा ठेवला. चेहरा उतरलेला, पण कुणाचा नव्हता?

"मंगळवारी सांजेला कुठी होतीस?" संघप्रियानं विचारलं.

"शेतात. पेंढ्या झाकून घरी आली. सरायची बस अजून आली नव्हती." ती कप मांडत राहिली. "लटारूभाऊ निघून गेला होता."

"त्यानं आकडा लावताना पाह्यलं?"

"नाई पाह्यलं."

"पुस्तक तुझ्याकडं आहे का, सरांचं?"

"माझ्याकडं? नाई बा. सरायनं देलं कुठी?"

संघप्रिया भिंतीवरचा फोटो पाहत होती. दिव्यानी पाचवीत असतानाचा, शाळेच्या पोशाखातला. दोन वेण्या, एका वेणीला लाल रिबीन आणि दुसरी मोकळी सुटलेली.

"हा कवाचा फोटो?"

"शाळेत फोटोवाला आला होता तवाचा," नूतन म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.

"पोट्टी सदाची धांदरट," मी म्हटलं. "रिबिनी हरवून यायची."

बाहेर आल्यावर संघप्रिया शेताच्या दिशेनं वळून उभी राहिली. विजेचा खांब नूतनच्या आणि लटारूच्या शेताच्या कोपऱ्यावर, सामाईक धुऱ्यावर होता. तिनं तो लांबूनच पाहिला.

"मावशी, उद्या रविवार. बैठक घे."

"आता? सुतकात?"

"सरांच्या नावानं घे. त्यांनी गोष्ट अर्धी ठेवली, तुम्ही अंदाज सांगा. मले फक्त ऐकायचं आहे. परवा लटारू कोर्टात उभा राहील आणि माझ्या हातात काहीच नाई."

५

सगळे आले. सरांच्या जागेवर मी त्यांची उशी ठेवली आणि मग मलाच ती पाहवेना. नेहमीसारखे कप मांडले, ज्याच्या त्याच्यापुढं. संघप्रिया दाराशी बसली. तिला बैठकीचे नियम ठाऊक नव्हते, तिला नुसतं ऐकायचं होतं.

"सरायच्या आठवणीसाठी," श्रावण सर म्हणाले आणि घसा खाकरला. "माझा अंदाज, राखणदाराले बंगल्याच्या साहेबानंच मारलं. त्याले काहीतरी दिसलं असंल. या असल्या गोष्टीत शेवटी साहेबच निघते."

"नाई जी," निकेश म्हणाला. "राखणदार मेलाच नाई. ते प्रेत दुसऱ्याचं. नाईतर बॅटरी सुरू काऊन राहीन? कोणीतरी मुद्दाम ठेवली."

"पुन्हा बॅटरी!" सर वैतागले. नेहमीसारखं भांडण सुरू झालं. एवढ्या दुःखातही ते दोघं पेटले. रहस्यकथेत लेखकानं वाचकापासून काय लपवावं, जुन्या लेखकांना ते जमायचं की नव्यांना, ऐतिहासिक कादंबरीत तरी सगळं खरं कुठं असतं. मला बरं वाटलं. सर असते तर मधे पडून दोघांनाही चिरडलं असतं.

"नूतन, तू सांग," मी म्हटलं.

"माझं मन नाई लागून राह्यलं, मावशी. माझा अंदाज राहू द्या."

कुणी आग्रह केला नाही. तिचा स्वभाव हळवा, हे सगळ्यांना माहीत.

मी किटली घेऊन उठले. श्रावण सरांच्या कपात ओतला, निकेशच्या कपात ओतला. नूतनपुढं वाकले आणि किटली माझ्या हातात तशीच राहिली.

तिचा कप पालथा होता.

तिनं तो कधी फिरवला, मी पाहिलं नव्हतं. बहुतेक तिनंही पाहिलं नसावं. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मी सरळ पुढं गेले, संघप्रियाला चहा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

६

सगळे गेल्यावर संघप्रिया आत आली. "काय झालं? तोंड पांढरं पडलं तुझं."

मी कपाचा नियम सांगितला. सांगताना वाटत होतं, जीभ झडली तर बरं. पण लटारूचं ते वाक्य कानात होतं, लावला असंन म्या. दुसऱ्याचं पाप तो आपलं म्हणून गिळायला निघाला होता.

"तिले चहा नको असंल," संघप्रिया म्हणाली.

"नको असला तर माणूस नको म्हणते. या घरात पालथ्या कपाचा एकच अर्थ आहे, प्रिया. तिनं ते पुस्तक वाचलेलं आहे."

"पुस्तकाची प्रत एकच. गेल्या रविवारी तिचा कप सरळ होता. म्हणजे तिनं ते नंतर वाचलं, आणि काल मले म्हणाली, माझ्याकडं नाई." संघप्रिया चुलीजवळच्या पाटावर बसली. "पण काऊन नेलं? शेवट वाचाले? आठ दिवस थांबता आलं असतं."

"तिले थांबता येते. आमच्यात सगळ्यात जास्त तिलेच येते."

"मग तिले शेवट पाहायचा नव्हता. दुसरं काहीतरी पाहायचं होतं. पुस्तकात आहे की नाई, ते." ती माझ्याकडं पाहत राहिली. "श्रावण सर म्हणतात बॅटरी पुस्तकात असूच शकत नाई. मग ती धनराज सरांनी कुठून आणली? लाल रिबीन बांधलेली, कडी तुटलेली. एवढं बारीक कोणी मनानं रचते का?"

माझ्या डोळ्यापुढं तो फोटो आला. एका वेणीला रिबीन आणि दुसरी मोकळी. फोटोवाला शाळेत आला तो दिवस मला आठवला, कारण त्याच दुपारी आम्ही सगळे गुलाबला शोधायला जंगलात शिरलो होतो. पोरगी ती रिबीन हरवून आली नव्हती.

"गुलाबची बॅटरी," मी म्हटलं. "सगळं सापडलं, बॅटरी नाही सापडली. आणि धनराज सरांनी त्याच वर्षी आपली तार काढून टाकली."

आम्ही दोघी नूतनकडं गेलो तेव्हा ऊन उतरत होतं. ती खाटेवर बसून होती. पुस्तक बाजूलाच, पेपरात गुंडाळलेलं. आमची वाटच पाहत असल्यासारखी.

"कप पाहून समजलं न?" ती म्हणाली. "घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी पालथा कसा केला, मलेच नाई समजलं. वाचलं होतं न मी."

संघप्रियानं पुस्तक उघडलं. राखणदाराच्या हातात कंदील होता. रिबीन नव्हती. लेकही नव्हती, राखणदार बिनलग्नाचा होता.

"त्या सांजेला दिव्यानीच्या बापाच्या बॅटरीची कडी तुटली," नूतन सांगू लागली. आवाज अगदी सपाट. "दिव्यानी शाळेतून आली होती. तिनं आपल्या वेणीची रिबीन सोडून बांधून देली. हे आमच्या तिघांले माहीत होतं, मावशी. आणि ज्यानं त्यायले आपल्या तारेवरून काढून जंगलात नेऊन टाकलं, त्याले. सर रविवारी ते बोलले आणि मी तिथंच बसून होती. तुम्ही सगळे वा वा करत होते. मले वाटलं, नाई, पुस्तकात असंन. देवा, पुस्तकात असू दे. सोमवारी ते कॉलेजात गेले तवा घरात शिरून आणलं. रात्रभर पान न पान पाह्यलं. पह्यल्यापासून शेवटापर्यंत."

"पोलिसांत जायचं होतं."

"काय सांगू जाऊन? पुस्तकात रिबीन नाई म्हणून?" ती पहिल्यांदा वर पाहून बोलली. "मंगळवारी बांधावर उभी राह्यली. सर आले. म्या इचारलं, रिबीन कुठून आली, सर? म्हणाले, पुस्तकात हाय. म्या पदराखालून पुस्तक काढलं, समोर धरलं. म्हटलं, कोणत्या पानावर हाय ते दाखवा. ते पाहत राह्यले. एवढंच म्हणाले, अंधार पडून राह्यला, नूतनबाई, घरी जा. आणि निघाले. एक शब्द बोलले असते, चूक झाली म्हणाले असते, तर मी पाय धरून रडली असती फक्त. लटारूभाऊचा बांबू खांबापाशी पडला होता. सर तार ओलांडाले लागले आणि म्या आकडा टाकला. मले येते टाकता, हे गेल्यापासून शेत मीच तर करून राह्यली."

मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि एक थोबाडीतही मारायची होती. "आणि लटारू? गुलाबसाठी जीव जळला तुझा, त्या बिचाऱ्यासाठी नाही जळला? चार दिवस कोठडीत आहे तो!"

"सांगणारच होती, मावशी."

"कधी?" संघप्रियानं विचारलं.

नूतननं पुस्तक पुन्हा पेपरात गुंडाळलं, दोरी बांधली आणि संघप्रियाच्या हातात दिलं. मग म्हणाली, "दिव्यानीचं या वर्षी शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाल्यावर, असं वाटलं होतं."

७

सोमवारी नूतन आपल्या पायांनी ठाण्यात गेली. संघप्रिया सोबत होती. पोलिसांनी धनराज सरांचं घर पुन्हा उघडलं आणि धानाची ढोली रिकामी केली. मी ढोलीच्या मागं हात घातला होता, आत नाही. तळाशी पोत्याच्या तुकड्यात बॅटरी होती. रिबिनीचा रंग उडाला होता, गाठ तशीच होती. त्यांनी ती फेकली का नाही, ते मला कधीच कळणार नाही. मी त्या माणसाला इतकी वर्षं चहा दिला आणि त्यानं इतकी वर्षं नूतनच्या शेजारी बसून तो प्यायला. आठवलं की अंगाची आग होते.

लटारू सुटून आला. घरीही न जाता आधी शेतात गेला, तार गुंडाळली आणि भंगारवाल्याला दिली. पण संध्याकाळी शेवटच्या बसची माणसं गेली की अजून डबा वाजवतो. रीता म्हणते, नका वाजवू, तर ऐकत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही बैठक ठरवली नव्हती. तरी श्रावण सर काठी टेकत आले, निकेश आला, संघप्रिया गडचिरोलीहून आली. कुणी पुस्तक आणलं नव्हतं. मी सवयीनं कप मांडले आणि आम्ही नुसते बसून राहिलो.

तेवढ्यात फाटक वाजलं. दिव्यानी होती. पाठीवर बॅग, सरळ बसमधून उतरलेली. आईनं खून केला, एवढंच तिला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. का केला, ते सांगायची हिंमत कुणाची झाली नव्हती, आणि ठाण्यात नूतननं तिला भेटायला नकार दिला होता.

ती आईच्या जागेवर बसली. याच सपरीत लहानाची मोठी झालेली पोरगी, तिला इथलं सगळं ठाऊक. तिनं आधी श्रावण सरांच्या कपाकडं पाहिलं, मग निकेशच्या, मग माझ्या. मीही पाहिलं. चारही कप पालथे होते. संघप्रियानंसुद्धा आपला पालथा ठेवला होता.

दिव्यानीनं मधे उरलेला एक कप उचलला आणि आपल्यापुढं सरळ ठेवला.

"मले शेवट माहीत नाई, आजी," ती म्हणाली. "सांगा."

श्रावण सरांनी तोंड फिरवलं. माझ्याशिवाय कुणी सांगणार नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला.

"पाचवीत होतीस," मी म्हटलं. "शाळेत फोटोवाला आला होता, त्याच्या आदल्या सांजेला तू तुझ्या वेणीची रिबीन सोडलीस. कशाला, आठवते का तुले?"

तिला आठवलं. तिच्या तोंडावरूनच मला दिसलं की तिला आठवलं.